सहापैकी सहा जुळूनही

मूत्रपिंड प्रत्यारोपणापूर्वी दाता आणि रुग्ण यांची एचएलए, म्हणजे शरीराला आपले-परके ओळखू देणाऱ्या पेशींवरच्या खुणा, यांची जुळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. भावंडांचे अहवाल सहसा सरळ असतात. सहाव्या गुणसूत्रावरची या खुणांची जनुके इतकी जवळजवळ असतात की आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा संचच्या संच मुलाकडे येतो, आणि म्हणून दोन भावंडे पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धी जुळण्याची ५० टक्के असते. त्या रुग्ण बाईंचा भाऊ पूर्ण जुळत होता: ए, बी, डीआर या तीन जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रती मिळून सहापैकी सहा, शिवाय डीक्यू हे आणखी एक जनुकही. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती.

राहिली होती शेवटची क्रॉसमॅच. दात्याच्या लिम्फोसाइट (टी आणि बी या प्रकारच्या पांढऱ्या) पेशींवर रुग्णाचे सीरम घालून प्रतिपिंडे त्यांना चिकटतात का, हे त्यात पाहतात. ती पॉझिटिव्ह असताना बसवलेले मूत्रपिंड बहुधा लगेच निकामी होते, हे पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये दाखवल्यापासून ही चाचणी कोणी टाळत नाही. पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्रावर टी पेशींचा आलेख निगेटिव्ह कंट्रोलवर तंतोतंत बसला, बी पेशींचा मात्र चांगलाच उजवीकडे सरकला, म्हणजे पॉझिटिव्ह आला.

बी पेशींचे खोटे पॉझिटिव्ह ही आमची नेहमीची डोकेदुखी, कारण त्यांच्यावरचे एफसी रिसेप्टर कुठलेही प्रतिपिंड धरून ठेवतात. ते काढून टाकण्यासाठी पेशींना प्रोनेज हे विकर देऊन चाचणी पुन्हा लावली, तरी आलेख जागचा हलला नाही. डीआर, डीक्यू आणि डीपी हे रेणू बी पेशींवर भरपूर असतात, शांत टी पेशींवर नसतात. त्यातले पहिले दोन जुळलेले होते. उरले डीपी, जे भावंडांमध्ये वेगळे तपासण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

“अहो मॅडम, दोन्ही संच तेच, मग प्रतिपिंडे आली कुठून?” नेफ्रॉलॉजिस्टांनी फोनवर विचारले. प्रत्येक सूक्ष्म मण्यावर एकच प्रतिजन (एचएलएची एक खूण) असलेल्या आणि प्रतिपिंड चिकटले की मणी उजळणाऱ्या चाचणीने उत्तर दिले: डीपी१ या डीपीच्या एका प्रकाराचा मणी लख्ख उजळला होता, शेजारचे बहुतेक मंद. टायपिंगमध्ये डीपी१ भावात सापडले, बाईंमध्ये नाही. डीक्यू आणि डीपी यांच्यामधल्या पट्ट्यात गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल तुलनेने सहज होते, आणि वडिलांचा नमुना तपासल्यावर त्यांच्याच संचाचे टोक भावाकडे बदलून आल्याचे दिसले. पतीने पूर्वी दाता म्हणून दिलेला नमुना आमच्याकडे जपलेला होता. त्यांच्यातही डीपी१ निघाले. म्हणजे ही प्रतिपिंडे बाळंतपणांतली, बाळाकडे वडिलांकडून आलेल्या डीपी१ विरुद्धची.

धाकट्या बहिणीचा एकच संच जुळत होता, पण तिच्या न जुळणाऱ्या एकाही प्रतिजनाविरुद्ध बाईंच्या सीरममध्ये काही नव्हते आणि क्रॉसमॅच निगेटिव्ह होती. भावाला हे पटेना. “माझे सहाच्या सहा, छोटीचे तीन, आणि तरी तिचीच किडनी?” त्याचा आकडा बरोबरच होता, फक्त त्या सहात डीपी मोजतच नाहीत, आणि ताईच्या रक्ताची हरकत नेमकी तिथे होती. हे मी त्याला कागदावर दोन संच काढून समजावले.

प्रत्यारोपण छोटीच्या मूत्रपिंडाचे झाले आणि ते व्यवस्थित चालले आहे. तिचे एक डीक्यू मात्र जुळत नाही, आणि प्रत्यारोपणानंतर नव्याने तयार होणारी प्रतिपिंडे बहुतेकदा डीक्यूविरुद्धच असतात. त्यामुळे ठरावीक अंतराने बाईंचे सीरम आमच्याकडे आले की मी आधी त्या डीक्यूचाच मणी पाहते. अजून तो मंद आहे.