कंडक्टरची बॅग आणि माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा

कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर कुणी अख्खी पोस्ट लिहितं का, असं नवरा आत्ताच विचारून गेला. लिहितं बाबा. जिच्या लेन्सने एकदा राजगडचा कातळ चाटलाय ती लिहितेच.

माझा कॅमेरा म्हणजे निकॉनचा डी ७२००, जुना झालाय पण चालतोय, त्यावर बहुतेक वेळा १८-१४० लेन्स. बॅटरी-कार्ड धरून बॉडी ७६५ ग्रॅम आणि लेन्स ४९०, म्हणजे सव्वा किलोचा ऐवज. ऐकायला काहीच नाही, मंडईतून आपण याच्या चौपट हातात घेऊन येतो, पण तेच वजन सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत मानेला लटकवून बघा. कंपनीने दिलेला गळ्यातला पट्टा, तो पिवळ्या अक्षरांत निकॉन लिहिलेला, मी चार वर्षं वापरला, आणि माझ्या मते तो पट्टा नाहीच, ती आपल्या मानेवर फुकटात केलेली जाहिरात आहे, वर चोरालाही लांबूनच कळतं बाईंच्या गळ्यात काय आहे ते. त्यात मंगळसूत्र! पुरुष मंडळींच्या रिव्ह्यूत हा मुद्दा कधीच येत नाही, पण पट्ट्याचं बक्कल आणि मंगळसूत्राची साखळी अशी काही गुंततात की एकदा एका लग्नात मी कॅमेऱ्यासकट वाकून पाच मिनिटं उभी होते आणि नवरीची मावशी माझी सोडवणूक करत होती. विधी तिकडे चालू.

म्हणून मग स्लिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शबनम पिशवीसारखा आडवा घालायचा पट्टा, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला, कॅमेरा खाली उलटा लोंबतो आणि फोटो काढायचा झाला की पट्टा खांद्यावर तसाच राहतो, कॅमेराच कडीसकट त्यावरून सरकत डोळ्यापर्यंत येतो. मानेवर भार शून्य. ब्लॅकरॅपिड नावाच्या कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला आणि मग त्याच्या नकलांचा पूर आला, त्यातलीच एक मी ऑनलाइन मागवली, सातशे-आठशे रुपयांची, ब्रँडचं नाव धड उच्चारताही येत नव्हतं. खांद्याला निओप्रीनची, म्हणजे फोमसारख्या मऊ रबराची जाड गादी, खाली एक स्क्रू, तो कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडसाठी पाव इंचाचं भोक असतं ना, त्यात फिरवून बसवायचा. पहिल्या दिवशी वाटलं स्वर्ग. गादी मऊ म्हणजे पट्टा चांगला, एवढीच माझी तेव्हाची अक्कल.

निओप्रीनची गंमत अशी की ते ताणतं. उभं राहिलं की मस्त वाटतं, भराभर चालायला लागलं की कॅमेरा रबराला बांधलेल्या चेंडूसारखा वरखाली नाचतो आणि प्रत्येक पावलाला मांडीवर थाप. पण तेही चाललं असतं. राजगडला गुंजवण्यातून चोरदरवाज्याच्या वाटेने चढत होतो, शेवटी शेवटी रेलिंग धरून कातळावरून जावं लागतं तिथे दोन्ही हात गुंतलेले, अंग पुढे झुकलेलं, आणि कमरेवरचा कॅमेरा लंबकासारखा पुढे आला आणि ठण्ण. लेन्सच्या तोंडावर लावलेल्या काचेच्या फिल्टरला तडा गेला, लेन्स वाचली. मागच्या मुलाने विचारलं काकू काय फुटलं, मी म्हटलं काही नाही, काकू हा शब्द ऐकून हृदय.

खरी अक्कल त्याच दिवशी परत येताना आली. मार्गासनीला वेल्ह्याहून येणारी एसटी मिळाली, उभ्यानेच. आणि माझ्या समोर कंडक्टर, चामड्याची बॅग आडवी अडकवलेली, तुडुंब गाडीत मागून पुढे, पुढून मागे. त्यांची बॅग एकदाही हलली नाही! मी बघतच बसले, म्हणजे उभी राहिले. पट्टा आखूड, बॅग मांडीवर नाही तर बेंबीच्या जरा बाजूला, बरगडीच्या खाली, आणि डावा हात सतत तिच्यावर, सवयीने, लक्षसुद्धा न देता. आम्ही फोटोवाले काय करतो, पट्टा लांब सोडतो कारण जाहिरातीतला माणूस कॅमेरा ढुंगणाशी लोंबकळत ठेवून ऐटीत चाललेला असतो. घरी आल्या आल्या मी पट्टा चार बोटं आखूड केला. आता माझी लांबी ठरलेली आहे, हात सैल सोडला की कॅमेऱ्याची पकड तळव्याच्या थोडी वर लागली पाहिजे, आणि चढ आला की अजून आखूड, कॅमेरा सरकवून पाठीकडे. त्यामुळे खांद्यावर घातलेला असतानाच एका हाताने लांबी कमीजास्त करता येत नसेल तर तो स्लिंग मी दुकानातच परत ठेवते.

आता दिवे घाट. माउलींची पालखी पुण्यातून सासवडला जाते त्या दिवशी मी हडपसरपासून चालत होते, दुपारी घाटात, खाली मस्तानी तलाव, भुरभुर पाऊस, वर वळणावळणाने भगव्या पताका, तुम्ही फोटो पाहिलेच असतील, सगळे तिथेच काढतात. मी तंद्रीत. मागून एक आजी, डोक्यावर तुळस, माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "माउली, तुझं ते खाली सुटाया लागलंय बघ." बघते तर कॅमेरा तिरका लोंबतोय, स्क्रूचे दीडेक आटे आत, बाकी सगळा बाहेर! सकाळी हाताने घट्ट आवळला होता. मी तिथेच रस्त्याकडेला बसून आवळला, हात थरथरत होते, आणि वर बघते तर आजी दिंडीबरोबर केव्हाच पुढे गेलेल्या, त्यांचा साधा फोटोही नाही माझ्याकडे.

हे का होतं ते नंतर शांतपणे बघितलं. एकाच बिंदूवर टांगलेली वस्तू चालताना गोल गोल फिरते, थोडी इकडे थोडी तिकडे, त्यात हादरे, आणि स्क्रूखालचं रबरी वॉशर दबून जुनं झालं की त्याची धरून ठेवायची ताकद जाते. हजारो पावलांत स्क्रू आपला आपण उलटा फिरतो. चांगल्या कंपन्या म्हणूनच सोबत एक जास्तीची छोटी दोरी देतात, कॅमेऱ्याच्या वरच्या कानाला, म्हणजे गळ्यातला पट्टा ओवतात त्या कडीला बांधायची, मुख्य जोड सुटला तरी कॅमेरा लोंबकळत राहील. कुणी सांगतं स्क्रूला थ्रेडलॉकर लावा, पण मी माझ्या कॅमेऱ्याच्या बुडात गोंदासारखं काही घालणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

तो पट्टा घेऊन मी आमच्याकडच्या बॅगवाल्या काकांकडे गेले, शाळेची दप्तरं, चेन, ट्रॅव्हल बॅगा असली कामं करतात, कॅमेऱ्याशी संबंध शून्य. त्यांनी गादीकडे बघितलंसुद्धा नाही. थेट पट्टा दुमडून कडीत जातो ती जागा चिमटीत धरली. "ताई, ही टीप बघा, आडवी एकच मारलीय. इथे चौकोन पाहिजे आणि चौकोनात फुली. आणि पट्टीचं टोक भाजलेलं पण नाही, उसवणार हे." मग कडी उलटी करून नखाने दाखवली, तिच्या कडेने साच्याची बारीक रेघ. "ओतीव आहे. वाकायची नाही, एकदम तुटेल. हिला चाव्या लावा." त्या दिवसापासून मी कुणाच्याही पट्ट्यात आधी तीच जागा बघते, लग्नातल्या फोटोग्राफरच्यासुद्धा, आणि ते माझ्याकडे विचित्र बघतात. गादी किती मऊ, रंग कोणता, सगळं नंतर, कारण पट्टा मधे तुटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, जे काही सुटतं-तुटतं ते जोडावर. बक्कलमधून ओवलेलं सुटं टोकही बघा, ते बाहेर लोंबत न ठेवता परत आतल्या थरात दाबून घ्यायचं, म्हणजे वजन पडलं की तेच टोक दाबलं जातं आणि सरकत नाही.

सध्या माझ्याकडे पीक डिझाइन कंपनीचा स्लाइड लाइट नावाचा स्लिंग आहे. महाग आहे, दोन महिने कार्टमध्ये पडून होता. पट्टी गाडीच्या सीटबेल्टसारखी गुळगुळीत, ३२ मिलिमीटर रुंद, मोठा स्लाइड ४५ चा येतो पण माझा खांदा अरुंद, रुंद पट्टी मानेच्या बाजूला चढते आणि परत मंगळसूत्राशी गाठ. यात कॅमेऱ्याला बारीक दोरीच्या चकत्या कायमच्या बांधायच्या आणि पट्ट्याची टोकं त्यात खटकन बसतात. एक चकती मी वरच्या डाव्या कानाला लावलीये, दुसरी बुडाला ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूने बसवलेल्या प्लेटला. दोन जोड, त्यामुळे कॅमेरा भिंगरीसारखा फिरत नाही, लेन्स मागे-खाली बघत अंगाला चिकटून राहते. फक्त ती प्लेट बॅटरीचं दार अडवत नाही ना हे लावतानाच बघून घ्या, मी दोनदा काढून लावली. एक चकती ९० किलो तोलते असं कंपनी सांगते, माझं वजन मी इथे लिहिणार नाही, पण आकडा पुरेसा आहे. मला त्याहून आवडलं ते असं की दोरीचं वरचं काळं आवरण झिजलं की आतून पिवळा रंग दिसायला लागतो आणि अजून झिजलं की लाल. म्हणजे बदला. महिन्यातून एकदा बघते, गॅसची नळी बघते तशी.

मोठ्या लेन्सची गोष्ट वेगळी. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाताना २००-५०० भाड्याने आणली होती, ती एकटीच २३०० ग्रॅम, कॅमेरा धरून तीन किलोच्या वर. तेव्हा पट्टा बॉडीला लावायचाच नाही, लेन्सला खाली ट्रायपॉडवर बसवायचा पाय असतो त्याला लावायचा, नाहीतर सगळा भार लेन्स जिथे कॅमेऱ्यात बसते त्या माउंटवर येतो. आणि ३२ ची पट्टी तेव्हा खांद्यात रुतली, खोटं कशाला बोलू, भावाचा रुंदवाला मागून घ्यायला हवा होता.

चोरीचं काही जण विचारतात. पट्ट्यात स्टीलची तार घातलेले प्रकार मिळतात, ब्लेडने कापता येत नाहीत. मला ते भीतीदायक वाटतात, बाइकवरून कुणी हिसका मारला तर पट्टा तुटणार नाही आणि मी फरफटत जाईन, त्यापेक्षा गेला कॅमेरा तर गेला. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर गर्दी अंगावर आली की मी सरळ कॅमेरा पोटावर घेते आणि वरून ओढणी, आणि फारच झालं तर बॅगेत टाकून पायरीवर बसून ढोल ऐकते. आणि स्कूटरवर बसताना कॅमेरा अडकवलेला नको म्हणजे नको, पडलात तर तो तुमच्या बरगडीखाली असेल.

नवीन पट्टा घेतलात तर आधी कॅमेरा लावूच नका. कापडी पिशवीत दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली टाका, पिशवी पट्ट्याला अडकवा आणि भाजी आणायला जा, जिने चढा, चपलेचा बंद लावायला वाका. माझी अशी वरात बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, तहान फार लागते का गं हल्ली. पण अर्ध्या तासात कळतं गळपट्टीच्या हाडाला कुठे टोचतंय ते.

उन्हाळ्यात घामाने नायलॉन खरखरीत होतं, पांढरे मिठाचे ओघळ उठतात, मानेवर लाल चट्टा. त्यावर आईने जुन्या सुती साडीची, ती मोरपंखी काठाची, दुपदरी खोळ शिवून दिलीये, गोधडीला घालतात तसे धावदोरे, आत पट्टा सरकवायचा. खांद्यावर अशी बसते की कुठल्याच कंपनीच्या गादीला जमलं नाही. आत्ता ती धुवून दोरीवर टाकलीये आणि पाऊस काही थांबत नाहीये, उद्या पहाटे सिंहगडला जायचंय, इस्त्री फिरवून वाळतेय का बघते.