गाडीचे जुने स्पीकर बदलताना: खर्च कुठे केला, कुठे वाचवला

आवाज फाटायला लागला की पहिला संशय स्टिरिओवर जातो. मी आधी बॅलन्स (डावा-उजवा आवाज) आणि फेडर (पुढचा-मागचा आवाज) फिरवून एकेक दार वेगळं ऐकलं. खरखर एकाच दारातून येत होती, म्हणजे स्टिरिओ ठीक होता. पॅनेल उघडल्यावर कागदी कोनाभोवतीचा (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा शंकू) फोमचा घेर बोट लावताच भुगा होऊन गळला. कोन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबला, तर कोनामागची तारेची कॉइल घासल्याचा आवाज आला. असा स्पीकर दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

पैसे मोजके असल्यामुळे पुढचे दोनच बदलले. मागचे फेडरने थोडे कमी केले की पुरतं. ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) आणि क्रॉसओव्हर (उंच आणि खालचे आवाज वेगळे करणारा भाग) वेगळे बसवावे लागणाऱ्या कॉम्पोनंट सेटऐवजी कोअॅक्सियल घेतले, म्हणजे ट्वीटर मोठ्या कोनाच्या मधेच बसवलेले.

निवडताना खोक्यावरच्या मोठ्या वॅटकडे बघितलंच नाही. कंपनीच्या स्टिरिओतून दर चॅनेलला खरे १५ ते २० वॅटच निघतात. म्हणून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते, बघितली: ९० डेसिबल किंवा जास्त. ३ डेसिबलने जास्त असलेला स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो, आणि वेगळा अॅम्प न घेणाऱ्याला याहून महत्त्वाचा आकडा नाही. जुन्या स्पीकरचा रोध (रेझिस्टन्स) मल्टिमीटरने साधारण साडेतीन ओहम दिसला, म्हणजे तो ४ ओहमचा. काही गाड्यांत २ ओहमचे असतात. तिथे ४ ओहमचा लावला तर आवाज कमी पडतो. उलट ४ ओहमसाठी केलेल्या स्टिरिओला २ ओहमचा जोडला तर तो तापतो. साडेसहा इंची लिहिलेलं असलं तरी दारात स्पीकरमागे किती खोल जागा आहे ते मोजायचंच, काच पूर्ण खाली करून. नाहीतर काच चुंबकावर आपटते.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून कामाला लागलो. जुना स्पीकर रिव्हेटने बसवलेला होता, रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवली. लोखंडाचा कीस पूर्ण पुसेपर्यंत नवा स्पीकर जवळ आणायचा नाही, चुंबक तो ओढून घेतो. मूळ वायर न कापता अॅडॉप्टर कनेक्टर वापरला. स्पीकर आणि दाराच्या पत्र्यामधली रिंग प्लास्टिकची घेतली, कारण एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) पाण्याने फुगतं.

खरा फरक पडतो तो सीलिंगने. कोनामागचा आवाज फटीतून पुढे आला की बास खाऊन टाकतो. रिंग आणि पत्र्यामध्ये फोमची पट्टी, आजूबाजूच्या पत्र्यावर त्याची थरथर कमी करणारी २ मिमी ब्यूटिल शीट (चिकट रबरी पत्रा), आणि दाराचा प्लास्टिक पडदा पुन्हा नीट चिकटवला. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र उघडीच ठेवायची, नाहीतर दार आतून गंजतं.

पोलॅरिटीची, म्हणजे प्लस-मायनसची, खूण पुसली असेल तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा: कोन बाहेर आला, तर सेलचं प्लस ज्या टोकाला ते टोक प्लस. एका दारात उलटं जोडलं गेलं तर दोन्ही मिळून बास गायब होतो. स्टिरिओत हाय-पास फिल्टर (खोल बास अडवणारी सेटिंग) असेल तर ८० हर्ट्झवर लावावा. नसेल तर ४ ओहमच्या स्पीकरला सिरीजमध्ये (एका वायरच्या मधे) ४०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर साधारण १०० हर्ट्झच्या खालचं कमी करतो, आणि छोटा कोन फाटत नाही.

पॅनेल बसवण्याआधी काच वर-खाली करून आणि कुलूप लावून बघितलं. मग बास वाढवून दारावर हात फिरवला. लॉकची दांडी थरथरत होती, तिला फोम गुंडाळल्यावर खडखड थांबली.