आमची वाटचाल : 'लेयर १ कॉपी ३' पासून इथपर्यंत

आमचं पॅकेजिंग डिझाइनचं काम दोघांनी सुरू केलं, मी आणि माझा पार्टनर, कॉम्प्युटर दोन, आणि फाइलबद्दल दोघांचं एकच मत की स्क्रीनवर बरोबर दिसतंय ना, मग झालं. लेयर, म्हणजे फाइलमधले एकावर एक ठेवलेले थर, माहीत नव्हते असं नाही, फोटोशॉपमध्ये ते १९९४ च्या ३.० व्हर्जनपासून आहेत, म्हणजे आम्ही धंद्यात यायच्या किती आधीपासून. पण आमचं लेयर पॅनल उघडलं की 'लेयर १', 'लेयर १ कॉपी', 'लेयर १ कॉपी ३'. कॉपी २ कुठे गेली देव जाणे.

पहिला फटका ५ हजार बॉक्सच्या कामात बसला. डाय लाइन, म्हणजे बॉक्स जिथे कापायचा आणि दुमडायचा ती रेघ, आम्ही मॅजेन्टा १००, यलो १०० अशा लाल रंगात काढून आर्टवर्कच्याच लेयरमध्ये ठेवलेली. मग काय, छपाईच्या प्लेट काढताना (प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी) ती बिचारी दोन्ही रंगांच्या प्लेटवर गेली आणि व्यवस्थित छापून आली. पंचिंगवाल्या (छापलेला कागद डायने कापणाऱ्या) मामांचा फोन, "अरे, ही लाल रेघ डिझाइनमध्येच आहे का?" मी म्हटलं, कुठली रेघ? पुढचं सांगत नाही, कागद आमच्या खिशातून गेला एवढंच.

मग डायला वेगळा लेयर दिला, रंग स्पॉट केला (नेहमीच्या चार शाईंत न मिसळणारा वेगळा रंग) आणि त्याला 'डाय' असंच नाव दिलं, म्हणजे प्लेट काढणारा तेवढं सेपरेशन, म्हणजे त्या एका रंगाची प्लेट, बंद करू शकतो. वाटलं सुटलो. पुढच्याच कामात गडद निळ्या बॉक्सवर घडीच्या अगदी बाजूने केसाएवढी पांढरी रेघ! डाय तर छापलीच नव्हती, मग ही कुठून आली? झालं असं होतं की त्या रेघेला ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापायची सेटिंग) लावलेलं नव्हतं, त्यामुळे सॉफ्टवेअरने तिच्याखालचा निळा तेवढा कापून जागा मोकळी ठेवली, आणि डायचं सेपरेशन बंद केल्यावर उरला नुसता कोरा कागद. घडीवर बरोबर बसली असती तर कदाचित लपलीही असती, पण पंचिंग थोडं सरकलं की उघडी पडते. तेव्हापासून पीडीएफ पाठवायच्या आधी ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून आणि एकेक सेपरेशन बंद करून बघितल्याशिवाय फाइल आमच्याकडून बाहेर जात नाही, कितीही घाई असू दे.

आता आमची उतरंड ठरलेली आहे. सगळ्यात वर नोट्स आणि मापं, तो लेयर प्रिंटला बंद (इलस्ट्रेटरमध्ये प्रिंट बंद केलं की लेयरचं नाव तिरकं दिसतं, मला ते फार आवडतं, लांबूनच कळतं). मग डाय, मग स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच द्यायचा चकचकीत लेप), तोही ओव्हरप्रिंटवर, आणि यूव्हीचे आकार १०० टक्के ठोस, ग्रेडियंट-बिडियंट काही नाही. मग मजकूर, मग फोटो, आणि तळाला बॅकग्राउंड, तो डायच्या बाहेर ३ मिलिमीटर ब्लीडपर्यंत, म्हणजे कापताना थोडं सरकलं तरी पांढरी कड दिसत नाही.

मजकुराचा लेयर मात्र भाषेप्रमाणे वेगळा, आणि बारीक अक्षरं फक्त काळ्यात, तेही ओव्हरप्रिंट. हे पार्टनरचं डोकं. एकच बॉक्स तीन भाषांत करायचा असेल तर एक लेयर बंद, दुसरा चालू, बाकीच्या तीन प्लेट त्याच आणि फक्त काळी प्लेट बदलायची. अक्षर चार रंगांत असतं तर प्रत्येक भाषेला चारही प्लेट नव्या, शिवाय रजिस्ट्रेशन (सगळे रंग एकावर एक नेमके बसणं) जरा हललं की अक्षराला रंगीत सावली. मी सुरुवातीला याला कटकट म्हणायचो, पार्टनर अजून ते काढून दाखवतो.

एक सवय मोडायला मात्र फार वेळ लागला, नको असलेली गोष्ट डिलीट न करता लेयर पॅनलमधला डोळा बंद करून लपवून ठेवायची. असाच एकदा कुणीतरी 'शो ऑल' दाबलं आणि प्रूफमध्ये जुना लोगो नव्या लोगोच्या मागून डोकावत होता. आता जुनं सगळं वेगळ्या फाइलमध्ये, छपाईच्या फाइलमध्ये जे छापायचं तेच आणि वर डाय-नोट्स, बस.

मध्यंतरी एका जुन्या बॉक्सचं रिप्रिंट आलं. नव्या मुलीने फाइल उघडली, वजनाचा आकडा बदलला, पीडीएफ काढून मोकळी, कुणाला काही विचारलं नाही. जाताना फक्त एक विचारून गेली, "सर, नोट्स लेयरमध्ये 'घडीचं मामांना विचार' असं लिहिलंय, हे मामा कोण?"