खाली बस आणि आठे बठ

दिवाळीनंतर आमच्या अमळनेरकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं काम, सुरू झाली की गल्लीमागच्या खोल्यांमधे मध्य प्रदेशातली माणसं राहायला येतात. यंदा खरगोनकडचं एक कुटुंब आलंय, नवराबायको दोघं कामावर आणि घरी तीन लेकरं, मोठी 13 वर्षांची, मधला 9 चा, धाकटी साडेतीन.

पंधरा दिवस पोरं नुसती ओट्यावर बसून, मला काही राहवेना. मधल्याला घेऊन एका शाळेत गेले तर म्हणे दाखला नाही, अर्धं वर्ष संपलं, जूनमधे या. खूप राग आला मला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सरळ लिहिलंय की दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागे पडलं असेल तर वेगळं शिकवायचं. दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापकांना हेच सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी नाव घेतलं.

पण खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. चार दिवसांनी पोरगा म्हणतो मैं नहीं जाऊंगा. हळूहळू विचारलं तेव्हा कळलं, बाई म्हणाल्या "खाली बस", तर हा खिडकीतून बाहेर बघायला लागला की रिकामी बस कुठंय, आणि सगळा वर्ग हसला. मग बाई म्हणाल्या "शिक्षा करीन". हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, त्याला वाटलं आता शिकवतील, म्हणून वही उघडून बसला बिचारा. त्यात पाढे! दो दूनी चार त्याला बारापर्यंत धडाधड येतं, पण "बे दुणे चार" म्हणता येत नाही म्हणून तो ढ ठरला. लिपी तीच, आकडे तेच, तरी लेकरू परकं.

यावर उपाय माझ्या आईनं काढला, तोही नकळत. ती भाकरी टाकत होती, हा दारात उभा, तिनं आपलं नेहमीसारखं म्हटलं "आठे बठ रे भाऊ, तुन्हं नाव काय शे?" आणि तो बसला की लगेच! बठ त्याच्या कानाला बैठसारखंच लागलं ना. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो आईजवळ बसतो, ती अहिराणीत बोलते, हा त्याच्या खरगोनकडच्या निमाडी बोलीत, मी मधे पुस्तकातलं मराठी सांगते, आणि महिन्याभरात तो कळण्याच्या भाकरीपासून ळ या अक्षरापर्यंत सगळं शिकला. शाळेत अहिराणी बोललेलं चालत नाही असं मानणाऱ्या गुरुजींना मला हे कळकळीनं सांगायचंय, बाहेरून आलेल्या पोराला मराठीत आणायला आपली बोली फार कामाची आहे, तिला वर्गाबाहेर ठेवू नका.

मोठीचं अजून अवघड होतं, तिला शाळेत घालायचं तर धाकटीला कोण सांभाळणार, आईबाप तर सकाळीच निघतात. शेवटी धाकटीला अंगणवाडीत बसवलं, सेविकाताईंनी जीव लावला, तेव्हा कुठं मोठी सातवीत जायला लागली. सुरुवातीला ती खिचडीच्या सुट्टीत पळत जाऊन बहिणीला बघून यायची.

आता मार्च जवळ आलाय, कापूस संपला की ही मंडळी गावाकडे परत जातील. मी मुख्याध्यापकांना आजच सांगून आले की दोघांचे दाखले तयार ठेवा, निघायच्या दिवशी हातात पाहिजेत, नाहीतर तिकडच्या शाळेत परत तेच रडगाणं. आईनं मधल्यासाठी अंकलिपी आणून ठेवलीय, तो म्हणे "माय, ये मैं साथ ले जाऊंगा" आणि आई म्हणते "लई जाय, पन पुढला साले परत लई ये."