ऑगस्टचं बिल, सप्टेंबरचा दर

3 सप्टेंबर 2025 च्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जाणार, बहुतेक औषधं 12 वरून 5 टक्क्यांवर येणार, 33 जीवरक्षक औषधं थेट शून्यावर. लागू 22 पासून, म्हणजे घटस्थापनेला. पुण्यात गणपती बसलेले, अर्धी टीम सुट्टीवर. आम्ही औषधांच्या स्टॉकिस्टसाठी, म्हणजे घाऊक विक्रेत्यांसाठी, बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. ग्रुपवर पहिला मेसेज प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्याचा: "आयटम मास्टरमध्ये दर बदलायचा, एवढंच ना?" मास्टर म्हणजे प्रत्येक औषधाचे तपशील ठेवणारी मूळ यादी.

मी या टीमचा आर्किटेक्ट, सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणारा. आमच्याकडे या हुद्द्याचं काम साधारण एवढंच, की पुढच्या टप्प्याचं काम ठरवायच्या बैठकीला, स्प्रिंट प्लॅनिंगला, बसायचं आणि कोणी विचारलं तर बोलायचं.

दुसऱ्या दिवशी स्टेजिंगवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या प्रतीवर, एका गोळीचा दर 12 चा 5 केला आणि ऑगस्टमधलं जुनं बिल पुन्हा छापलं. करपात्र रक्कम 1000. सीजीएसटी 2.5 टक्के, 60 रुपये. एसजीएसटी 2.5 टक्के, 60 रुपये. कराची रक्कम (12 टक्क्यांनी काढलेली, निम्मी केंद्राची, निम्मी राज्याची) बिलात साठवलेली होती, दर मात्र छापताना मास्टरमधून उचलला जात होता. आमची टेस्टर म्हणाली, "सर, हे कोणी सीएला दाखवलं तर स्टॉकिस्टच चोर ठरेल."

त्याहून वाईट गोष्ट परताव्याची. औषधांच्या धंद्यात माल परत येतोच: ब्रेकेज, एक्सपायरी, न खपलेला. जुन्या बिलावर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, काढायची तर जुनाच दर लागतो, 12. पण दुकानदाराने एक्सपायरीचा माल स्वतःचं बिल करून परत पाठवला, तर तो नवा पुरवठा. त्याला त्या दिवशीचा दर. आमचा कोड दोन्हीकडे मास्टरमधलाच दर लावणार होता.

हे असं का झालं, ते जुन्या कागदांत सापडतं. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हाच्या आर्किटेक्टने एक जाडजूड डिझाइन लिहिलं होतं. नियमांचं इंजिन, राज्यवार अपवाद, काय काय. टीमने नुकतंच अजाइल, म्हणजे लागेल तसं थोडं थोडं बांधत जायची पद्धत, घेतलं होतं. आज लागत नाही ते आज बांधायचं नाही, म्हणून सगळं बाजूला ठेवलं. इंजिन नाकारलं ते बरोबरच केलं. बांधलं असतं तर अजून त्याचंच बग फिक्सिंग चाललं असतं. पण त्याच्याबरोबर दोन साधे कॉलमही गेले: दराची लागू तारीख, आणि बिलाच्या प्रत्येक ओळीवर त्या वेळचा दर. त्यांचं कार्ड बॅकलॉगच्या, म्हणजे करायच्या कामांच्या यादीच्या, तळाशी राहिलं. दर काही रोज बदलत नाहीत, हे उत्तर प्रत्येक प्लॅनिंगला मिळायचं, आणि ते खरंही होतं.

2001 च्या अजाइल जाहीरनाम्याच्या बारा तत्त्वांत एक आहे, की उत्तम आर्किटेक्चर स्वतःची घडी स्वतः बसवणाऱ्या टीममधूनच उमलतं. चांगल्या डिझाइनकडे सतत लक्ष दिलं तर चपळाई वाढते, हेही त्याच बारांत आहे. आमच्या भिंतीवर पोस्टर फक्त पहिल्याचं. सर्व्हिस कशा तोडायच्या, क्यू कुठली वापरायची, हे खुशाल पुढे ढकलावं. पण जे त्या क्षणी लिहूनच ठेवलं नाही, त्याचं रिफॅक्टरिंग, म्हणजे नंतरची फेररचना, कसलं करणार?

दुरुस्ती अशी केली: ओळीवर दराचा कॉलम घातला आणि जुन्या ओळींचा दर रकमेवरून उलटा काढला. तीन रुपये दहा पैशांच्या ओळीवर 37 पैसे कर म्हणजे 11.94 टक्के, तो जवळच्या टप्प्याला, 12 ला, चिकटवला. हे जमलं. अडलं स्कीमच्या मालावर. 'दहावर एक फ्री' मधली ती एक पट्टी आमच्याकडे वेगळ्या ओळीत, शून्य रुपयांनी जाते. शून्य कर भागिले शून्य रक्कम. तिथे दर रिकामाच ठेवला.

अधिसूचना 17 तारखेला निघाली, तोवर दरांच्या याद्या वर-खाली होत होत्या. एक गोष्ट मान्य करावी लागेल: रोज रिलीज करायची सवय आणि ऑटोमेटेड टेस्ट नसत्या तर 22 चा सोमवार आम्हाला गाठता आला नसता. ते सगळं अजाइलनेच दिलेलं. सोमवारी सकाळी बिलं बरोबर निघाली. रेट्रोमध्ये, म्हणजे काम झाल्यावरच्या आढाव्यात, प्रॉडक्ट ओनर म्हणाला, "बघा, लागलं तेव्हा केलं. आधी केलं असतं तर आठ वर्षं वापराविना पडलं असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला चटकन उत्तर सुचलं नाही, आणि त्याचा राग अजून आहे. दोन कॉलमची किंमत तो आठ वर्षांत मोजतो. त्या आठ वर्षांत न लिहिलेल्या दरांची मोजायची कोणी?

त्या फ्री पट्ट्या आता एक्सपायर होऊन परत येतायत. दर रिकामा असला की क्रेडिट नोटचा स्क्रीन ऑपरेटरलाच दर निवडायला सांगतो. संध्याकाळी गाडी भरायच्या घाईत तो यादीतला पहिला दर दाबतो. पहिला 5 आहे. क्रम बदलायचं कार्ड मी टाकलंय. प्राधान्य 'कमी' लागलंय.