मर्सी गाव, १:८७ : फळ्या, दिवे आणि गावाभोवतीची रेषा

मंडळी, 'डॉक्टर हू'मधल्या मर्सी गावाचं मी १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, मॉडेल करतोय आणि त्याचा मुख्य रस्ता उभा राहिला. सलून, मार्शलचं ऑफिस, शवपेट्या करणाऱ्याचं दुकान, चर्च आणि मधली किरकोळ घरं जागेवर बसली आहेत. छपरं बाकी आहेत.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका १९६३ साली सुरू झाली. तिचा 'अ टाउन कॉल्ड मर्सी' हा भाग १५ सप्टेंबर २०१२ रोजी दाखवला गेला. काऊबॉयच्या काळातलं, ८१ वस्तीचं एक गाव. आपल्याकडचा तांडासुद्धा याहून मोठा असतो. गावाभोवती दगड आणि लाकडं मांडून एक रेषा आखलेली आहे. रेषेबाहेर अर्धा माणूस, अर्धं यंत्र असलेला बंदूकधारी उभा. तो आत येत नाही आणि गावात रसद येऊ देत नाही. त्याला फक्त एक माणूस हवाय: आकाशातून पडलेला जेक्स नावाचा परका डॉक्टर. या जेक्सनं गावाला पटकीतून वाचवलंय, वीज दिलीय. आणि यानंच आपल्या ग्रहावरच्या युद्धात माणसांची यंत्रं केली होती. बाहेरचा बंदूकधारी त्यातलाच एक. अशा गावात आपला डॉक्टर, म्हणजे मालिकेचा नायक, आणि त्याचे सोबती एमी आणि रोरी येऊन पोचतात.

या गावाचं मॉडेल करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी भरदुपारचा सामना सुचवला. मी रात्र धरली. मार्शल आयझॅक जेक्सवरची गोळी स्वतःवर घेऊन गेलाय, बिल्ला डॉक्टरच्या छातीवर आलाय, आणि गावकरी जेक्सला मागायला मार्शलच्या ऑफिसच्या, म्हणजे तुरुंगाच्या, दारात जमलेत. पुढे अठरा वर्षांचं एक पोरगं, कमरेला बंदूक. परक्या माणसाला वाचवायला दुसरा परका दारात उभा राहतो, आणि त्या पोराला गोळी न झाडताच मागं फिरवतो. सगळा भाग मला त्या दोन पायऱ्यांवर दिसतो, म्हणून मॉडेलचा केंद्रबिंदूही तोच.

आता फळ्यांबद्दल, कारण यात खरी मजा आली. भिंती सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या पाटीच्या), पण वरच्या फळ्या ज्वारीच्या धांड्याच्या सालीच्या आहेत. आमच्या परभणीकडं कडब्याला तोटा नाही. लहानपणी भेंडाच्या बैलगाड्या आपण सगळ्यांनीच केल्यात, तेच हात इथं कामाला येतात. पेरं उभं चिरायचं, भेंड काढून टाकायचं, साल ओली करून वजनाखाली सपाट वाळवायची आणि स्टीलच्या पट्टीला धरून २ मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या. १:८७ ला २ मिलिमीटर म्हणजे जवळपास साडेसतरा सेंटिमीटरची फळी, अगदी पटेल अशी रुंदी. सालीची वरची बाजू मेणचट, तिच्यावर रंग बसेना. आमचे मामा सुतारकाम करतात. त्यांनी एक पट्टी उचलून नखानं खरवडली आणि म्हणाले, "आतली बाजू वर घे की रं, रंग धरंल." घेतली. आतल्या उभ्या धाग्यांवर पातळ करडा रंग फिरवला की उन्हानं पिचलेलं लाकूड समोर येतं. बाजारातलं बाल्साचं हलकं लाकूड इतकं बोलत नाही. पट्ट्या चिकटवण्याआधी कडक उन्हात नीट वाळवा, नाहीतर कीड लागते.

जमिनीसाठी काळी माती चालणार नव्हती. हा भाग स्पेनमध्ये चित्रित झाला, आल्मेरियाजवळच्या ताबेर्नासच्या वाळवंटात. तिथं वेस्टर्न चित्रपटांसाठी बांधलेली गावं आजही उभी आहेत. त्यातलं एक १९६५ साली सर्जिओ लिओनेच्या चित्रपटासाठी बांधलेलं. तिथली माती फिकट, पिवळसर. मी मुरूम आणि शेतातली चुनखडी कुटून एकत्र केली, पिठाच्या चाळणीनं चाळली आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर पसरली. फेव्हिकॉलच्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की ते मातीत सरळ मुरतं, गोळे होत नाहीत.

दिवे हा नाजूक विषय. गोष्टीत हे विजेचे दिवे काळाच्या दहाएक वर्षं आधीच आलेत आणि डॉक्टरला गावात काहीतरी वेगळं आहे हे त्यावरून कळतं. एडिसनचा दिवा १८७९ चा. म्हणजे हे दिवे नजरेत भरायला हवेत, पण आजच्या एलईडीसारखे पांढरेफटक नकोत. ०६०३ मापाचे (जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचे) वॉर्म व्हाइट एलईडी घेतले, त्यांवर पारदर्शक नारिंगी रंगाचा हात दिला आणि ५ व्होल्टवर प्रत्येकाला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला. करंट २ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, उजेड मंद आणि पिवळा पडतो. खांब ४ सेंटिमीटरचे, म्हणजे खऱ्या मापात साडेतीन मीटर. पॉवर बँकेवर चालवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, इतका कमी करंट असला की बऱ्याचशा पॉवर बँका आपोआप बंद पडतात. साधा मोबाईल चार्जर बरा. मार्शलच्या ऑफिसच्या दारावरचा दिवा मी बाकीच्यांपेक्षा थोडा तेज ठेवलाय.

आता रेषा. मापाप्रमाणे गेलो तर ती मॉडेलखालच्या पाटाच्या बाहेर जाते. काहींचं म्हणणं, कडेला तोडून द्या, बघणारा समजून घेईल. मला ते पटत नाही. आपल्या जुन्या गावांची वेस जशी आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवते, तसंच काम ही रेषा करते. ती अर्धवट राहिली तर गावकरी कोंडलेत हे कळणारच नाही. म्हणून मागची घरं जवळ ओढून गाव आवळलं आणि रेषा पूर्ण केली. दगड म्हणजे बेसाल्टची बारीक कच, चुनखडीच्या पाण्यात बुडवून फिकी केलेली. लाकडं म्हणजे तुरकाट्यांची टोकं. रेषेबाहेर एकच आकृती उभी राहील.

आकृत्यांचं काम पुढं आहे. माणूस साडेएकोणीस मिलिमीटरचा, डोकं अडीच मिलिमीटरच्या आसपास. जमावातली तोंडं रागावलेली आणि घाबरलेली, दोन्ही दिसायला हवीत, आणि त्या पोराचा हात बंदुकीजवळ असला तरी खांदे पडलेले हवेत. या मापात मिलिपुटनं (मळून आकार द्यायची, वाळून कडक होणारी पुट्टी) कपड्यांच्या चुण्या कुणी केल्या असतील तर कोणतं हत्यार वापरलं ते सांगा. मी सध्या शिवणाच्या सुईचं टोक घासून बघतोय. छपरांना पत्रा नको, लाकडी खापऱ्याच करायच्या आहेत, त्यालाही धांड्याची सालच लागेल.