दोन स्पेसर

त्या शुक्रवारी दुकानात आलेल्या सायकलकडे मी काम सोडून बघत बसलो, हे आधीच कबूल करतो. काळी मॅट फ्रेम. टायरवरचं नाव दोन्ही चाकांवर बरोबर व्हॉल्व्हच्या जागी. हँडलला पांढरी टेप, आणि तीही स्वच्छ! सप्टेंबरच्या साताऱ्यात पांढरी टेप स्वच्छ असलेला माणूस एकतर सायकल चालवत नाही, नाहीतर महिन्याला टेप बदलतो. हा बदलणाऱ्यांपैकी होता. सीट उंच, हँडल पार खाली. स्टेमखाली, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली, एकही स्पेसर, हँडल उंच करणारी कडी, नाही. स्टेम थेट हेडसेटवर, फ्रेमच्या तोंडाशी असलेल्या बेअरिंगवर, टेकलेला. रोड बाइकवाल्यांना हे भयंकर आवडतं. फोटोत सायकल चित्त्यासारखी दिसते.

"दादा, ब्रेक मारला की हँडलमधून कुरकुर येतेय. तेवढं ग्रीस मारून द्या, परवा राइड आहे."

कासला फुलं आली होती, म्हणजे सुट्टीला त्या रस्त्याला गाड्यांची ही रांग. म्हणून त्यांच्या ग्रुपने दुसरा बेत केला होता. मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वर, तिथून पाचगणी, पसरणी घाट उतरून वाई आणि परत सातारा.

बोलताना तो उजव्या हाताची मूठ सारखी उघडझाप करत होता.

"मुंग्या येतात का हो?"

"करंगळीला आणि शेजारच्या बोटाला. तीस-चाळीस किलोमीटर झाले की. सगळ्यांनाच येतात ना?"

सगळ्यांना येत नाहीत. तळव्याच्या कडेवर वजन पडलं की तिथली नस दबते आणि नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून म्हटलं, सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, ट्रेनरवर, जरा बसा, दहा मिनिटं पायडल मारा.

मागून बघितलं तर कंबर दर फेऱ्याला डावी-उजवीकडे कलत होती. पाय खाली पोचत नव्हता, म्हणून माणूस कमरेने पायडल गाठत होता. सीटचं टोकही खाली झुकवलेलं, त्यामुळे तो सारखा पुढे घसरायचा आणि हातांनी स्वतःला मागे रेटायचा. मग हात बधिर होतील नाहीतर काय!

आमचे वडील तासाच्या भाड्याने सायकली द्यायचे. त्यांचं माप सोपं होतं. सीट काखेत धरायची, हात लांब करायचा, बोटं क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, मधल्या बोल्टला टेकली की झालं. माणूस अगदीच वेगळ्या ठेवणीचा नसेल तर हे माप अजूनही फार चुकत नाही. मी भिंतीला पाठ लावून, मांडीत पुस्तक धरून पायाची आतली लांबी घेतो आणि 0.883 ने गुणतो. याची लांबी 81 सेंटिमीटर भरली, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साडेएकाहत्तर. त्याची सीट होती 74 वर! हा आकडाही सुरुवातीपुरताच. पुढे पायडल सगळ्यात खाली असताना गुडघ्याचा कोन बघायचा. पाय पूर्ण ताठ न होता 25 ते 35 अंश वाकलेला हवा.

"एवढी उंच कुणी लावली?"

तो जरा लाजला. "सीटपोस्ट जास्त दिसला की छान दिसते ना."

सीट पाऊण सेंटिमीटरच खाली घेतली. एकदम अडीच सेंटिमीटर उतरवली तर उद्या दुसरीकडेच दुखायचं. टोक सपाट केलं. आता हँडल थोडं वर घ्यायचं म्हणून स्टेमच्या मागचे दोन बोल्ट ढिले करायला घेतले. खालचा नीट सुटला. वरचा सुटेचना. पाच न्यूटन-मीटरचा, म्हणजे हलक्या हाताने आवळायचा बोल्ट, आणि मला हात आखडेपर्यंत जोर लावावा लागला.

स्टेम उचलला आणि कारण दिसलं. फोर्कची नळी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची फ्रेममधून वर येणारी नळी, जिच्यावर स्टेम आवळतात (वडील तिला चिमट्याची नळी म्हणायचे), इतकी आखूड कापली होती की स्टेमच्या वरच्या बोल्टला धरायला नळीच नव्हती. नळी स्टेमच्या माथ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली असते, ते बरोबरच आहे. इथे चांगली बोटभर खाली होती. अर्धा स्टेम पोकळीवर आवळलेला. पकड येत नाही म्हणून कुणीतरी आवळत गेलं होतं आणि नळी कार्बन फायबरची होती.

कापसाने ग्रीस पुसलं. पुसताना कापसाचा एक तंतू नळीला अडकून राहिला. त्या जागी नख फिरवलं तर नख अडकलं. केसाएवढी रेष, नळीला अर्धा वेढा घालून. खात्रीसाठी रुपयाचं नाणं आपटत वरून खाली आलो. टिक, टिक, टिक, आणि रेषेपाशी थप्प.

मी काही बोललो नाही. नाणं त्याच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाजवून बघितलं आणि खाली स्टुलावर बसला.

"म्हणजे ती कुरकुर..."

"हीच."

पसरणी घाटाच्या उतारावर वळणाआधी ब्रेक दाबले की अंगाचं सगळं वजन या नळीवर येतं. ॲल्युमिनियम वाकून जरा तरी कल्पना देतं. कार्बन कधीकधी तेवढीही देत नाही.

सायकल त्याने जुनी घेतली होती, आणि जिथून घेतली तिथेच नळी कापून दिली होती. 'वर नळी राहिली तर ट्रॅक्टर दिसतो' असं सांगून. मला राग आला, पण फार बोलायला तोंड नव्हतं. गिऱ्हाईक हट्ट करतं म्हणून मीही नळ्या कापल्या आहेत. इतक्या नाही, पण कापल्या आहेत. आणि त्या संध्याकाळी दुकानात गर्दी असती तर वरून दोन थेंब तेल सोडून मी त्याला पाठवून दिलं असतं, हेही खरं.

नळी एकटी बदलता येत नाही, पूर्ण फोर्कच नवा. रविवारसाठी त्याला माझी जुनी ॲल्युमिनियमची सायकल दिली. उंची आमची जवळपास सारखीच. तिला तीन सेंटिमीटरचे स्पेसर आणि वर तोंड केलेला स्टेम. ती बघून त्याचा चेहरा असा झाला, जणू लग्नाला कुणाचा तरी मापात न बसणारा कोट घालून जायचंय.

सोमवारी परत आणून दिली. ग्रुपमध्ये दिवसभर 'काकांची सायकल' म्हणून चिडवलं म्हणे. बोटांचं विचारलं तर म्हणाला, "पाचगणीला चहा घेताना आठवलं, की आज झटकली नाहीत."

फोर्क यायला तीन आठवडे लागले. नळी लांब ठेवूनच कापली, स्टेमखाली दहा-दहा मिलिमीटरचे दोन स्पेसर टाकले. दुकानाच्या पायरीवर उभा राहून, एक डोळा मिटून, त्याने सायकल बराच वेळ न्याहाळली.

"दोन लागतीलच का?"

"दोन-तीन महिने चालवा. जमतंय वाटलं तर एक काढून स्टेमच्या वर टाकू. नळी कापायची नाही."

"बरं. पण हे चंदेरी नकोत दादा. मॅट काळे आहेत का?"

डब्यात मॅट काळे दोनच निघाले, तेही दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी काढून ठेवलेले.